पुरात गेलेली घोड्यांची रँच, आणि ‘देव बघून घेईल’

पत्र असं आलंय:

“ताई, आम्ही नॉर्थ कॅरोलायनात शार्लटला राहतो. मुलगा अकरा वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. गेली तीन वर्षं तो दर शनिवारी मॅकडॉवेल काउंटीतल्या एका छोट्या ख्रिश्चन हॉर्स रँचवर जातो. साठी ओलांडलेलं एक जोडपं ती चालवतं, स्पेशल नीड्सच्या मुलांकडून पैसे घेत नाहीत. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये हेलीन वादळाच्या पुरात ओढ्याकाठचा बार्न, म्हणजे घोड्यांचा तबेला, अर्धा गेला, कुंपण सगळंच गेलं. नऊच्या नऊ घोडे वाचले, पण आता तीन वेगवेगळ्या लोकांकडे ठेवलेत. रीबिल्डच्या कमिटीत मला घेतलंय. ते दोघं सरकारी फॉर्म भरायला तयार नाहीत, म्हणतात देव बघून घेईल, आणि बार्न ख्रिसमसच्या आत त्याच जागी उभा करायचाय त्यांना. मी मराठी मंडळाच्या ग्रुपवर मदत मागितली तर एकाने लिहिलं, ‘धर्मांतराला पैसे द्यायचे का?’ सासूबाई पण नाराज आहेत कारण मुलगा घरी आमेन म्हणतो. आणि मुलगा पुरानंतर घोड्याचं नावच काढत नाही. मी यात पडावं का? — शार्लटची एक आई”

तू मला ताई म्हणालीस म्हणून मी पण सरळ ‘तू’ म्हणते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, हो, पड यात. खरं तर तू पडलीच आहेस, नाहीतर एवढं मोठं पत्र लिहिलं नसतंस. आणि एक गोष्ट तुला माहीत आहे की नाही कोण जाणे, त्या रँचजवळचा ओढा पुढे कटॉबा नदीला मिळतो आणि तुमच्या शार्लटच्या नळाला पाणी येतं ते त्याच कटॉबावरच्या तलावांतून. म्हणजे त्या डोंगरातलं पाणी तुम्ही रोज पिताय, ते लोक काही परके नाहीत.

माझं माहेर दिवेआगरचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागलं तेव्हा मी इथे फोन हातात धरून बसले होते, लाइनच लागत नव्हती, आणि शेवटी लागली तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, “आपल्या ओटीवरून आता समुद्र दिसतो.” आमच्या ओटीवरून समुद्र कधीच दिसत नव्हता गं, मधे सगळी नारळी-सुपारीची वाडी होती. त्यामुळे त्या जोडप्याला बार्न ख्रिसमसच्या आत का हवाय ते मला कळतं. रोज सकाळी दार उघडलं की ती मोकळी जागा दिसते आणि ती बघवत नाही, म्हणून माणूस काहीतरी उभं करायला धावतो. माझ्या भावाने हेच केलं, आठ दिवसांत माणसं लावून पडलेली झाडं तोडून, ओढून, वाडी साफ केली, आणि पंचनाम्याला माणसं आली तेव्हा मोजायला झाडंच नव्हती. फोटो पण नव्हते. आजही तो विषय निघाला की तो उठून आत जातो.

म्हणून माझं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं हे की तो बार्न ओढ्याकाठी परत बांधू देऊ नकोस. बाकी सगळ्यात तू नमतं घे, यात घेऊ नकोस.

लोक म्हणतील शंभर वर्षांतून एकदा येतो असा पूर. तिथल्या डोंगरातल्या बझिकला तीन दिवसांत ३० इंचांच्या वर पाऊस पडला, ॲशव्हिलला फ्रेंच ब्रॉड नदीने १९१६ च्या पुराची पातळी मोडली, हे खरंच आहे, असा पूर कोणी पाहिला नव्हता. पण त्याच डोंगरात २००४ च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्सिस आणि आयव्हन अशी दोन वादळं पाठोपाठ आली होती, २०२१ ला फ्रेडने हेवूड काउंटीत माणसं नेली. ओढ्याला आपली जागा माहीत असते, तो परत येतो. आणि पूररेषेत येणाऱ्या जागेत बांधायचं तर काउंटीची फ्लडप्लेनची परवानगी लागते, ती न घेता उत्साही व्हॉलंटियर्सनी चार शनिवारात खांब रोवले तर उद्या इन्शुरन्स, मदत, सगळंच अडकेल.

हे त्या दोघांना नकाशे दाखवून पटणार नाही. त्यांच्या भाषेत सांग. खडकावर घर बांधणारा आणि वाळूवर बांधणारा, ही गोष्ट खुद्द येशूने सांगितलेली आहे, पूर आला, वारा सुटला आणि वाळूवरचं घर पडलं. ती त्यांनी आयुष्यभर ऐकली असेल, मुलांना सांगितली असेल. तू हिंदू असून त्यांना ती आठवण करून दिलीस तर त्यांना राग येणार नाही, उलट आपल्या श्रद्धेला ही मुलगी मान देते हे दिसेल. मात्र टोमणा मारल्यासारखं बोलू नकोस, त्या रँचवाल्या काकूंच्या शेजारी बसून, चहा-कॉफी घेताना बोल, आणि आधी त्यांना बोलू दे. त्या बार्नमध्ये त्यांची कितीतरी वर्षं गेलेली असणार.

मग घोडे हिवाळ्यात कुठे राहणार? तर घोड्याला बंद बार्न लागतोच असं नाही. थंडी त्याला आपल्यापेक्षा फार बरी सोसते, फक्त अंग कोरडं राहिलं पाहिजे, वाऱ्याला आडोसा पाहिजे आणि पोटभर सुकं गवत पाहिजे. वरच्या कुरणात तीन बाजूंनी बंद आणि एक बाजू उघडी असे शेड टाका, एका शेडमध्ये दोन-तीन घोडे मावतात, खर्च बार्नच्या मानाने किरकोळ. जागा ठरवायच्या आधी मात्र उतार कोणीतरी जाणकार माणसाला दाखवा, कारण हेलीनमध्ये नुसतं पाणी नव्हतं आलं, डोंगर पण घसरले. काउंटीत एनसी स्टेट एक्स्टेन्शनचं, म्हणजे विद्यापीठाच्या शेतीसल्ला विभागाचं, ऑफिस असतं, तिथून सुरुवात कर. बार्नचं पुढच्या वर्षी बघा, परवानगी आणि पैसे दोन्ही हातात आल्यावर.

आता जमिनीबद्दल. घोडे परत आणायची घाई सगळ्यांनाच असेल, पण ती जमीन अजून घोड्यांसाठी नाहीये. तुमचे शनिवारचे व्हॉलंटियर्स आधी याच कामाला लाव.

पुराने वरून कोणाकोणाची काटेरी तार, पत्रे, छपराचे खिळे आणून त्या गाळात पुरलेले असतात. वरून जमीन गुळगुळीत दिसते. चाकं लावलेला लांब लोहचुंबक मिळतो, रूफिंगवाले वापरतात तो, त्याने कुरण उभं-आडवं दोन्ही दिशांनी फिरा आणि पाऊस पडून गेला की परत फिरा, कारण पाऊस गाळ धुतो आणि नवे खिळे वर येतात. आणि एवढं करूनही घोड्याच्या खुरात खिळा गेलेला दिसला तर तो उपसायचा नाही. हे सगळ्या व्हॉलंटियर्सना बजावून सांग, कारण माणसाचा हात आपोआप तिकडेच जातो. खिळा आहे तसा ठेवून, अजून आत जाणार नाही असं खूर बांधून व्हेटला बोलवायचं, तो खिळ्यासकट एक्स-रे काढतो तेव्हा कळतं की आत कुठपर्यंत गेलाय. उपसला की भोक मिटून जातं आणि मग आतलं काही समजत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घोड्यांचं पण बघा आणि माणसांचं पण, तुझं स्वतःचं शेवटचं कधी झालं ते आठव.

दुसरं झाडांचं. त्या भागात रेड मेपल भरपूर, आणि पडलेल्या मेपलची सुकत चाललेली पानं घोड्याला विष आहेत, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. हिरवी पानं एवढी धोक्याची नसतात, वाळायला लागली की होतात, आणि कित्येक आठवडे तशीच राहतात. लघवी कोकसारखी गडद झाली, हिरड्या फिक्या किंवा पिवळसर दिसल्या, तर थांबायचं नाही, ताबडतोब व्हेट. रानटी चेरीची कोमेजलेली पानं पण विषारीच. म्हणून चेनसॉवाल्या मंडळींनी फांद्यांचे ढीग कुंपणाला लागून रचलेत का ते बघ, घोडा मान लांब करून खातो.

पाणी लागलेले गवताचे गठ्ठे सगळे टाकून द्यायचे, वरून सुकलेले दिसले तरी. ते दोघं काटकसरी आहेत, त्यांचा जीव तुटेल, पण बुरशी आणि बॉट्युलिझम (सडक्या खाद्यातून होणारी विषबाधा) या दोन्ही गोष्टींना घोडा फार नाजूक असतो. आणि गाळावर टाकून गवत चारायचं नाही, वाळू पोटात जाऊन कॉलिक, म्हणजे पोटशूळ, होतो. याची एक साधी तपासणी आहे जी तुझा मुलगासुद्धा करू शकेल: लांब पारदर्शक प्लॅस्टिकचा हातमोजा घ्यायचा, त्यात लिदीचे पाच-सहा ताजे गोळे टाकायचे, पाणी भरायचं, ढवळायचं आणि बोटं खाली करून पंधरा-वीस मिनिटं टांगून ठेवायचा. वाळू असेल तर बोटांच्या टोकात साठलेली दिसते, नुसता चिमटा घेतला तरी करकर लागते. एका बोटात बऱ्यापैकी जमली की व्हेटला फोन. गवत आणि कुंपणाच्या सामानासाठी फ्लेचर गावातल्या डब्ल्यूएनसी ॲग सेंटरला (तिथलं शेती-प्रदर्शनाचं केंद्र) विचारा, पुरानंतर जनावरांच्या खाद्याची मदत तिथून वाटली गेली.

आता फॉर्म. हे काम तू आणि कमिटीतल्या अजून एकाने घ्या, त्यांच्याकडे फक्त सहीला न्या. ‘देव बघून घेईल’ म्हणणारी माणसं मला आवडतात, माझी आजी तशीच होती, पण तिने वादळात कोसळलेली भिंत कधी देवावर सोडली नाही, गवंड्याला निरोप धाडला. त्यांच्या मनात बहुतेक अशी भीती असेल की सरकारचा पैसा घेतला तर प्रार्थना बंद करायला लावतील, किंवा चर्चवाल्यांना मिळतच नाही. पूर्वी चर्चच्या इमारतींना खरंच मिळत नव्हता. २०१७ ला सुप्रीम कोर्टाने मिसुरीतल्या ट्रिनिटी लुथरन चर्चच्या बाजूने निकाल दिला, ते चर्च आपल्या बालवाडीच्या मैदानासाठी सरकारी मदत मागत होतं, आणि धार्मिक आहे एवढ्याच कारणावरून नाकारता येणार नाही असं कोर्ट म्हणालं. त्यानंतर हार्वे वादळात नुकसान झालेली टेक्सासमधली तीन चर्च फेमाविरुद्ध, म्हणजे सरकारच्या आपत्ती-मदत खात्याविरुद्ध, कोर्टात गेली आणि जानेवारी २०१८ मध्ये फेमाने नियम बदलला. हे त्यांना सांग, त्यांच्याच लोकांनी भांडून मिळवलेला हक्क आहे तो.

अर्जात रँच काय करते हे नीट लिहायचं. नुसती घोडेस्वारी म्हटलं की ती करमणूक ठरते आणि करमणुकीला फेमाची मदत नाही, पण दिव्यांग मुलांसाठीची सेवा ही वेगळी गोष्ट आहे आणि तुमची रँच खरोखर तीच करते, तर गेल्या तीन वर्षांत किती मुलं आली, किती तास, फी किती घेतली (शून्य!), याच्या वह्या, कॅलेंडर, फोटो, जे असेल ते गोळा करा. पक्क्या बांधकामासाठी अशा संस्थेला आधी एसबीएकडे (स्मॉल बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन, हे सरकारी खातं वादळानंतर कर्ज देतं) कर्जाचा अर्ज करावा लागतो. एसबीएचे वादळाच्या कर्जाचे पैसे ऑक्टोबर २०२४ मध्ये संपले होते, डिसेंबरमध्ये काँग्रेसने नवे दिले. कर्ज मंजूर झालं तर फेमा त्यात न बसलेल्या खर्चापुरतीच मदत देते.

आणि एक गोष्ट जी बहुतेकांना माहीतच नसते: व्हॉलंटियर्सचे तास लिहून ठेवा. फेमा सगळा खर्च देत नाही, एक वाटा संस्थेने उचलायचा असतो, आणि लोकांनी फुकट केलेल्या कामाचे तास, दान आलेलं सामान, हे त्या वाट्यात धरता येतं. पण त्याला रोजची सही लागते, नाव, तारीख, किती वाजता आला, किती वाजता गेला, कुठे काय काम केलं. गेटला एक वही दोरीने बांधून ठेव. बॅप्टिस्ट चर्चच्या लोकांची जेवणाची आणि चेनसॉची पथकं येऊन गेली असतील तर त्यांचे तास पण त्यांच्याकडून मागून घे.

इन्शुरन्सचं थोडक्यात. साध्या पॉलिसीत पूर धरत नाहीत, वारा आणि पडलेलं झाड धरतात. बार्नच्या छपरावर झाड पडलं असेल तर ते आणि खालून चढलेलं पाणी ही दोन वेगळी नुकसानं आहेत, दोन्हीचे वेगळे फोटो हवेत, छपरावरचं झाड आणि भिंतीवर चिखलाची जी रेघ राहिलीय ती, शेजारी मोजपट्टी धरून. ती रेघ धुवायच्या आधी काढ. माझ्या भावासारखं करू नका.

मंडळाच्या ग्रुपवर ज्याने धर्मांतराचं लिहिलं त्याच्याशी वाद घालू नकोस, पण लपवू पण नकोस. सरळ लिही की ही ख्रिश्चन रँच आहे, तिथे क्लासच्या आधी दोन मिनिटं प्रार्थना होते, आमचा मुलगा तीन वर्षं जातोय आणि आम्हाला कोणी कधी धर्म बदला म्हटलेलं नाही (हे खरं असेल तरच लिही). मग पैसे कशाला हवेत ते लिही. ‘रँचला मदत करा’ असं मोघम नको, कुंपणाचे इतके खांब, गवताचे इतके गठ्ठे, एक शेड. देणारा आपला पैसा त्या कामापुरता असं लिहून देऊ शकतो. ज्याला चर्चच्या नावावर चेक लिहायला जड जातं तो गवत विकत घेऊन थेट ट्रकमध्ये टाकू शकतो, घोडा काही त्याला विचारणार नाही. २५० डॉलर किंवा वर देणाऱ्याला संस्थेची लेखी पावती लागते टॅक्ससाठी, ती वेळेवर द्या, आणि कंपनीकडून मॅचिंग (आपल्या दानाला कंपनीची जोड) मागणाऱ्यांना सांग की आधी नियम वाचा, कारण काही कंपन्या धार्मिक संस्थांना मॅच करत नाहीत.

आणि आपल्या माणसांना मिरज आठवू दे की जरा. डॉ. वॉनलेस नावाच्या मिशनरी डॉक्टरने १८९४ ला तिथे हॉस्पिटल सुरू केलं आणि सांगली-कोल्हापूरकडच्या किती घरांत कोणी ना कोणी त्या मिशन हॉस्पिटलात बरं होऊन आलंय. माझ्या सासूबाईंचा जन्म तिथला, आणि त्यांनी आयुष्यभर एकही एकादशी चुकवली नाही.

तुझ्या सासूबाईंशी मात्र प्रेमाने बोल, त्या दूर देशात आहेत आणि नातू हातातून निसटेल अशी भीती वाटत असणार त्यांना. त्यांना एकदा घेऊन जा तिथे. तू पत्रात पुढे लिहिलं होतंस की प्रार्थना संपून सगळे आमेन म्हणाले की मुलांना घोड्यावर बसवतात. मला वाटतं तुझ्या लेकाच्या दृष्टीने ‘आमेन’ म्हणजे ‘आता माझी पाळी’. तो घरात ते कधी म्हणतो ते जरा बघ, जेवणाच्या आधी म्हणतो का, गाडीत बसताना म्हणतो का. आजीला हे दिसलं तर रागाच्या जागी हसूच येईल, आणि घरी त्याच जागी त्या शुभंकरोती पण शिकवू शकतात, दोन्ही एका मुलात मावतं.

त्याच्या गप्प बसण्याबद्दल मला सगळ्यात जास्त वाटलं. त्याचा शनिवार अचानक नाहीसा झाला आणि कोणी त्याला तो कुठे गेला हे दाखवलं नाही. सांगितलं असेल, पण दाखवलं नसेल. त्याचा घोडा आता ज्यांच्याकडे आहे तिथे त्याला ने. बसवायचं नाही, फक्त ब्रश द्यायचा हातात. जायच्या आधी त्या घोड्याचा आत्ताचा फोटो, नव्या तबेल्यासकट, फ्रिजवर लाव आणि कॅलेंडरवर तारखेला खूण कर. घोड्याने पण ती रात्र पाण्यात काढलीय, तो पण आधीसारखा नसेल, पाण्याच्या आवाजाला दचकेल, ओढा ओलांडायला नाही म्हणेल. म्हणून क्लास परत सुरू करायच्या आधी प्रत्येक घोडा ट्रेनरने नव्याने पारखलाच पाहिजे, तीन वर्षांचा अनुभव धरून चालायचं नाही. पाथ इंटरनॅशनल ही थेरपीच्या घोडेस्वारीची संस्था आहे, तिचे सर्टिफाइड इन्स्ट्रक्टर तुमच्या राज्यात आहेत, कोणालातरी एक दिवस बोलवा. डेन्मार्कची लिस हार्टेल पोलिओने गुडघ्याखाली पाय लुळे पडलेले असताना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोड्यावर रौप्यपदक जिंकली, तिला घोड्यावर चढवायला-उतरवायला माणूस लागायचा. तिच्यानंतर जगभर ही थेरपी पसरली. काकांना सांग हे, त्यांना आवडेल.

या शनिवारी निघा. दोन वह्या, चार्जर, मोजपट्टी आणि लांब पारदर्शक हातमोजे घेऊन जा. चिखलाच्या रेघेचा फोटो आधी काढ, मग काकूंकडे बस. आणि मुलाने ब्रश धरला की नाही ते मला नक्की कळव.